संस्थेचे नाव ठरविणार कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



चार माणसांनी एकत्र येऊन संस्था काढावयाचे ठरविले की पहिल्याच बैठकीत तिच्या नावाचा प्रश्न निघतो. पावतीपुस्तके कोठे छापावयाची, वर्गणी किती ठेवावयाची, यावर पाच मिनिटांत एकमत होते. नावावर मात्र रात्रीचे बारा वाजतात. कोणी 'श्रमिक' या शब्दाचा आग्रह धरतो, कोणाला 'संघर्ष' हवा असतो, तर कोणी 'विकास' पुरे म्हणतो, कारण तो कोणाला टोचत नाही. बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो पोरकट नसतो. आपण कोण आहोत आणि कशासाठी एकत्र आलो आहोत, याचे उत्तर ती माणसे त्या वादातून शोधीत असतात. संस्थेची घटना नंतर लिहिली जाते, नियमावली त्याहून नंतर. नाव हाच संस्थेचा पहिला ठराव असतो.

परंतु हा ठराव शेवटचा नसतो. नोंदणी हवी असेल तर ते नाव सरकारी कचेरीत जाते आणि ते मिळावयाचे की नाही, हे तेथे ठरते. चळवळीतील बहुतेक माणसे या टप्प्याकडे कारकुनी बाब म्हणून पाहतात. वकिलाकडे किंवा सी. ए. कडे कागद दिले आणि 'यांपैकी मिळेल ते नाव घ्या' असे सांगितले की त्यांचे काम संपते. हा समज चुकीचा आहे. नाव राखून देण्याच्या या लहानशा अधिकारात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. एक म्हणजे जनतेची फसगत टाळणे. ते कायद्याचे कर्तव्यच आहे. दुसरी म्हणजे लोकांनी स्वतःला काय म्हणवून घ्यावे, याची परवानगी देणे. हा अधिकार लोकशाहीत कोणत्याही कचेरीला असू शकत नाही. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे आणि ती कशी ओलांडली जाते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम व्यवस्था पाहू. महाराष्ट्रात सार्वजनिक कामासाठी संस्था नोंदविण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग जुना. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या तीन वर्षांनी, २१ मे १८६० रोजी, इंग्रज सरकारने संस्था नोंदणी अधिनियम केला. सात माणसांनी एकत्र येऊन नाव, उद्दिष्टे आणि कार्यकारी मंडळाची यादी लिहून द्यावी आणि नोंदणी करून घ्यावी, एवढी त्याची साधी योजना. त्याच्या जोडीला महाराष्ट्रात १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन आता 'महाराष्ट्र' आले आहे. धर्मादाय हेतूने स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था या कायद्याने सार्वजनिक न्यासही ठरते, आणि म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणची धर्मादाय आयुक्तांची कचेरी हे कार्यकर्त्यांच्या ओळखीचे दार बनले आहे.

दुसरा मार्ग कंपनी कायद्याचा. नफा वाटून न घेता लोकोपयोगी काम करणारी कंपनी काढता येते. १९५६ च्या कायद्यात ती कलम २५ ची कंपनी म्हणून ओळखली जाई; २०१३ च्या कायद्यात ती कलम ८ ची कंपनी झाली. तिच्या नावापुढे 'लिमिटेड' लावावे लागत नाही. त्याऐवजी 'फाउंडेशन', 'फोरम', 'असोसिएशन', 'कौन्सिल' अशा धर्तीचा शब्द नावात असावा अशी नियमांची अपेक्षा आहे. एकाहून अधिक राज्यांत काम करू इच्छिणाऱ्या आणि मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीवर अवलंबून असणाऱ्या संस्था या मार्गाकडे वळू लागल्या आहेत. नाव आधी राखून ठेवण्याची रीतसर पद्धत आहे ती याच मार्गावर.

ती पद्धत अशी. अर्ज संगणकावरूनच करावयाचा. एका अर्जात दोन नावे सुचविता येतात. त्यासाठी एक हजार रुपये शुल्क. देशभरातून येणाऱ्या या अर्जांची छाननी २०१६ पासून हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते. नाव मंजूर झाले की ते वीस दिवस राखून ठेवले जाते. तेवढ्या अवधीत संचालकांची कागदपत्रे, डिजिटल स्वाक्षऱ्या, पत्त्याचे पुरावे आणि संस्थेची घटना दाखल झाली नाही, तर नाव मोकळे होते आणि दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. २०१३ च्या कायद्यात प्रारंभी ही मुदत अर्जाच्या तारखेपासून साठ दिवसांची होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती मंजुरीपासून वीस दिवसांवर आणली. जानेवारी २०२१ पासून मुदतवाढीची सोय झाली आहे. पहिले वीस दिवस संपण्यापूर्वी आणखी एक हजार भरले तर चाळीस दिवसांपर्यंत आणि त्यानंतर चाळीसावा दिवस उलटण्यापूर्वी आणखी दोन हजार भरले तर साठ दिवसांपर्यंत नाव राखता येते. म्हणजे जी मुदत पूर्वी मूळ शुल्कात मिळत होती, तीच आता हप्त्याहप्त्याने विकत मिळते. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही अनेक राज्यांच्या कायद्यांत विनानफा संस्थेचे नाव १२० दिवस राखून ठेवले जाते.

शहरातल्या धनिक माणसाला वीस दिवस पुष्कळ वाटतील. त्याचा सी. ए. शेजारच्या इमारतीत असतो. परंतु ऊसतोड कामगारांच्या बायकांनी मुलांच्या शाळेसाठी संस्था काढावयाची म्हटली तर काय होते? हंगामात निम्म्या जणी एका कारखान्याच्या फडावर आणि निम्म्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात. एकीच्या आधारपत्रावर माहेरचे नाव, पॅनकार्डावर सासरचे. तिसरीचा मोबाईल क्रमांक बदललेला. वीस दिवसांत हे सारे जुळत नाही. नियम सर्वांना सारखाच आहे, असे सांगितले जाईल. असमानांना सारखाच लागू केलेला नियम कोणाच्या पदरात माप टाकतो, हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको.

तरीही नाव राखण्याची पद्धतच नको, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. एकाच नावाच्या दोन संस्था एकाच गावात वर्गण्या गोळा करू लागल्या तर फसतो तो सामान्य देणगीदार. भूकंपाच्या, महापुराच्या काळात नामांकित संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते नाव धारण करून पैसे जमविणारी माणसे उगवतात. म्हणून सारखे किंवा घोटाळा होईल इतके जवळचे नाव दुसऱ्याला देऊ नये, हा कायद्याचा दंडक योग्यच आहे. एकवचनाचे अनेकवचन केले, अक्षरांतील अंतर बदलले, स्पेलिंग फिरविले किंवा शेवटी गावाचे नाव जोडले, एवढ्याने नाव निराळे होत नाही, हा नियमही त्याच हेतूने केलेला आहे.

मात्र या दंडकाची व्याप्ती देशभर पसरविली की त्याचे दुसरे टोकही दिसू लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. मद्रासेतही पीपल्स एज्युकेशन सोसायटी याच नावाची एक नोंदणीकृत संस्था होती आणि बॅरिस्टर व्ही. जी. रो हे तिचे सचिव होते. एकीने दुसरीची वाट अडविली नाही, कारण 'लोकशिक्षण' ही कल्पना कोणाच्या सात-बाराच्या उताऱ्यावर चढलेली नव्हती. आज या दोन्ही संस्था कंपनी म्हणून नोंदवावयाच्या झाल्या असत्या, तर दुसरीला हे नाव मिळाले नसते. 'किसान', 'श्रमिक', 'ग्राम', 'जन' हे शब्द लोकांच्या सामाईक वहिवाटीचे आहेत. अखिल भारतीय यादीत जो प्रथम पोहोचेल त्याचे नाव, असा नियम झाला की सामाईक कुरणाचे जे झाले तेच शब्दांचेही होऊ लागते. त्यात नोंदणीकृत व्यापारचिन्हातील शब्द मालकाच्या संमतीवाचून वापरता येत नाही, ही आणखी एक अट आहे. ज्याच्यापाशी वकील आणि पैसा आहे तो शब्दांना कुंपण घालतो आणि ज्यांच्या तोंडचे ते शब्द असतात ती माणसे कुंपणाबाहेर उभी राहतात.

येथवर प्रश्न सोयीचा आणि न्याय्य वाटपाचा होता. याच्या पुढे तो स्वातंत्र्याचा होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या चौथ्या कलमात एक शब्द आहे. केंद्र सरकारच्या मते जे नाव 'अनिष्ट' असेल ते देता येणार नाही. अनिष्ट म्हणजे काय, याची लांबलचक यादी नियमांत दिली आहे, आणि 'समाजातील कोणत्याही घटकाला दुखावणारा शब्द' हा तीतील एक प्रकार आहे. याशिवाय काही शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. 'राष्ट्रपती', 'राज्यपाल', 'न्यायालय' हे शब्द त्या यादीत असणे समजण्यासारखे आहे. खासगी संस्थेने न्यायालयाचा आव आणू नये. परंतु त्याच यादीत 'नॅशनल' आहे, 'युनियन' आहे, 'रिपब्लिक' आहे आणि 'पंचायत'ही आहे. पंचायत हा शब्द सरकारने जन्माला घातलेला नाही. सरकार या गावात येण्यापूर्वीपासून तो चावडीवर होता. बाबा आढावांनी १९५५ मध्ये पुण्यातील हमालांची संघटना उभी केली, तेव्हा तिला हमाल पंचायत असे नाव दिले. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसांनी आपले निर्णय आपण घ्यावयाचे, एवढा सारा विचार त्या एका शब्दात आहे. ती कामगारांची संघटना असल्यामुळे कंपनी कायद्याशी तिचा संबंध आला नाही, हे ठीकच झाले. परंतु उद्या घरकामगार स्त्रियांनी कलम ८ ची कंपनी काढून तिला 'पंचायत' म्हणावयाचे ठरविले, तर त्यांना आधी दिल्लीची परवानगी आणावी लागेल.

नाव अनिष्ट आहे असे वाटणारा माणूस कोण, हा या प्रश्नाचा गाभा आहे. महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या चळवळींची नावे एकामागून एक उच्चारून पाहावीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. सत्य शोधावे लागते याचा अर्थ ते कोणी तरी दडविले आहे, असा त्या नावातच आरोप होता. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीच तिची नोंदणी झाली. 'बहिष्कृत' हा शब्द बाबासाहेबांनी दया मागण्यासाठी घेतला नव्हता. बहिष्कार कोणी घातला, हा प्रश्न तो शब्द प्रत्येक पत्राच्या माथ्यावरून, प्रत्येक पावतीवरून विचारीत होता. २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हा त्या नावाने किती जणांच्या भावना दुखावल्या, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांना ठाऊक होते. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. त्या नावानेही पुष्कळांना टोचले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला.

'कोणत्याही घटकाला दुखावणारा शब्द नको' ही कसोटी काटेकोरपणे लावली, तर यांपैकी किती नावे टिकतील? शोषणाचे नाव घेतले की शोषक दुखावतोच. परक्या सत्तेच्या कचेरीत 'बहिष्कृत' हे नाव नोंदले गेले. स्वतंत्र भारतातील कचेरीला तशा नावाची अडचण वाटू लागली, तर स्वातंत्र्याचा अर्थ नव्याने तपासावा लागेल.

ही भीती कल्पनेतील नाही. ४ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तालयातून एक परिपत्रक निघाले. ज्या न्यासांच्या व संस्थांच्या नावांत 'भ्रष्टाचार निर्मूलन', 'भ्रष्टाचारमुक्त भारत' किंवा 'मानवी हक्क' असे शब्द आहेत, त्यांनी ते काढून टाकावेत अशी त्याची दिशा होती. या संस्थांपैकी काही जण सरकारी यंत्रणा असल्याचा आव आणतात, लोकांना धाक दाखवितात, न्यायनिवाडेही करतात, अशी त्यामागची तक्रार होती. एका संस्थेने हे परिपत्रक उच्च न्यायालयात नेले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोणी गैरप्रकार करीत असेल तर त्याच्यावर कायद्याने कारवाई करण्यास आडकाठी नाही. परंतु म्हणून मानवी हक्क हे शब्दच कोणी नावात घेऊ नयेत, असे फर्मान काढण्याचा अधिकार आयुक्तांना नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

परिपत्रक गेले, हे चांगले झाले. परंतु ते पाच वर्षे जिवंत होते, हे विसरता कामा नये. त्यामागची विचारसरणी तर अद्याप गेलेली नाही. ती अशी आहे : भ्रष्टाचार दूर करणे हे सरकारचे काम, मानवी हक्क जपणे हे आयोगाचे काम, नागरिकांनी आरोग्य शिबिरे भरवावीत, वह्या वाटाव्यात, झाडे लावावीत. म्हणजे लोकांनी सरकारच्या हाताखालची सेवा करावी, सरकारवर नजर ठेवू नये. हा तर्क पुढे नेला तर त्याला शेवटच नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलन हेही आता सरकारचे काम झाले, सबब समितीने नाव बदलावे, असेही उद्या कोणी म्हणेल. हुंडाबंदीचा कायदा आहे, किमान वेतनाचा कायदा आहे, अस्पृश्यता तर राज्यघटनेनेच नष्ट केली आहे. ज्या ज्या विषयावर कायदा झाला तो तो विषय लोकांच्या नावांतून काढून घ्यावयाचा, तर लोकांच्या हाती उरेल काय?

हा प्रकार एकट्या महाराष्ट्रात घडला असे नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये समलिंगी नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स या संघटनेने विनानफा संस्था म्हणून नोंदणी मागितली. राज्याच्या सचिवांनी ती नाकारली. नाव सरकारी दप्तरात शोभणारे नाही आणि उद्दिष्टे लोकधोरणाला धरून नाहीत, अशी कारणे दिली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचा हक्क मान्य केला. देश निराळा, विषय निराळा. परंतु दप्तरातील 'शोभा' हे कारण ओळखीचे आहे. सत्तेला जी माणसे अस्तित्वात नसावीत असे वाटते, त्यांची नावे तिला प्रथम अशोभनीय वाटू लागतात.

यावर एक आक्षेप येतो आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. नोंदणी ही एक सवलत आहे. सवलत हवी असेल तर सरकारच्या अटी मान्य कराव्यात, नाही तर नोंदणीवाचून काम करावे; कोणी अडविले आहे? वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते. परंतु व्यवहार पाहावा. बँकेत खाते उघडावयाचे, सभागृह भाड्याने घ्यावयाचे, देणगीदाराला पावती द्यावयाची, शाळेला मान्यता मागावयाची, यांपैकी प्रत्येक ठिकाणी नोंदणीचा दाखला मागितला जातो. ज्या सवलतीवाचून हक्क बजावताच येत नाही, ती सवलत राहत नाही. ती त्या हक्काचा उंबरठा होते. त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात या हक्कावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील हे मोजून सांगितले आहे : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता. 'अनिष्ट' हा शब्द तेथे नाही. जे राज्यघटनेने सरकारला दिले नाही ते नियमावलीच्या मागच्या दाराने त्याच्या हाती जाता कामा नये.

दुसरा आक्षेप बनावट संस्थांचा. 'मानवाधिकार' असे ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी मोटारीवर लावून तालुक्यात खंडणी गोळा करणारे महाभाग आहेत, हे कोणीही नाकारणार नाही. त्यांचा त्रास सर्वांत अधिक होतो तो प्रामाणिक कार्यकर्त्यालाच. परंतु खंडणी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी फौजदारी कायदा आहे. तोतया पोलिसाचा गणवेश पाहून कोणी पोलीस दलाचा गणवेश बंद करीत नाही. गुन्हेगाराला हात लावण्याचे टाळून शब्दांवर कारवाई करणे ही प्रशासनाची सोय आहे, न्याय नव्हे.

एकदा मिळालेले नाव कायमचे सुरक्षित असते, असेही नाही. हिंदी साहित्य संमेलन ही १९१० मध्ये स्थापन झालेली संस्था. १९६२ मध्ये संसदेने कायदा करून त्याच नावाचे एक वैधानिक मंडळ निर्माण केले आणि संस्थेची मालमत्ता व कारभार त्याच्याकडे दिला. नाव तेच राहिले, माणसे मात्र सरकारने ठरविलेली. १९७१ मध्ये दमयंती नारंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. संघटना करण्याच्या हक्कात, ज्यांनी ती केली त्यांनी स्वेच्छेने घेतलेल्या सभासदांसह ती चालू ठेवण्याचा हक्कही येतो, असे न्यायालयाने सांगितले. मद्रासच्या ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा उल्लेख वर आला, तिला १९५० मध्ये तेथील सरकारने बेकायदा ठरविले होते. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार घटनाबाह्य म्हणून काढून घेतला. या दोन्ही निर्णयांचा बोध एकच आहे. नोंदणी ही सरकारने केलेली नोंद असते. तिने संस्थेचा जन्म होत नाही. संस्था सभासदांच्या संमतीतून जन्मते.

कंपनी कायद्याने मात्र उलट दिशेने एक पाऊल टाकले आहे. एखाद्या कंपनीचे नाव दुसरीशी फार मिळतेजुळते आहे असे ठरले आणि आदेश होऊनही तिने मुदतीत ते बदलले नाही, तर १ सप्टेंबर २०२१ पासून नवे नाव आपोआप चिकटविले जाते. ते असे : ओ. आर. डी. एन. सी. ही अक्षरे, त्यापुढे वर्ष, मग अनुक्रमांक, मग नोंदणी क्रमांक. 'प्रादेशिक संचालकाच्या आदेशाचे पालन न केलेली' असा त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ. बाजारातील कंपनीला ही शिक्षा ठीक असेल. परंतु कलम ८ ची कंपनी हीही कायद्याने कंपनीच आहे. लोकांनी रात्र जागवून ठरविलेल्या नावाच्या जागी कैद्याच्या बिल्ल्यासारखा क्रमांक येणे, यात त्या कायद्याची लोकसंस्थेकडे पाहण्याची दृष्टी उघड होते.

सरकारवर टीका करून विषय संपत नाही. नावाचा मान चळवळीने स्वतः किती राखला, हेही पाहिले पाहिजे. १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षापासून १९४८ चा समाजवादी पक्ष, १९५२ चा प्रजा समाजवादी, १९६४ चा संयुक्त समाजवादी आणि १९७१ चा पुन्हा समाजवादी पक्ष, अशी नावांची जी वाटणी व बेरीज झाली तिच्यात तत्त्वाचा भाग किती आणि अहंतेचा किती, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. संस्थांतही तेच दिसते. संस्थापक जातात आणि त्यांच्या मागे दोन गट धर्मादाय आयुक्तांपुढे त्याच नावासाठी वर्षानुवर्षे भांडतात. कोठे नाव लोकांचे आणि न्यास मात्र एका कुटुंबाचा. 'श्रमिक' हे नाव धारण करणाऱ्या संस्थेत शिपायाला किमान वेतन मिळत नसेल, तर ते नाव कोणत्याही निबंधकाने न नाकारताच खोटे ठरलेले असते. सरकारने नावाची तपासणी करू नये असे म्हणणाऱ्यांवर ती तपासणी स्वतः करण्याची जबाबदारी अधिकच येते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? काही गोष्टी आज, आपापल्या तालुक्यात करता येण्याजोग्या आहेत. नाव सभासदांच्या बैठकीत ठरवावे, त्याचा ठराव इतिवृत्तात लिहावा आणि ते नाव का घेतले याची चार वाक्येही लिहून ठेवावीत. उद्या वाद झाला तर तोच पुरावा ठरतो. कंपनीचा मार्ग घ्यावयाचा असेल तर सर्वांची कागदपत्रे आधी जमवावीत आणि नावाचा अर्ज शेवटी करावा, म्हणजे वीस दिवसांचा फास बसत नाही. अर्जापूर्वी कंपन्यांच्या आणि व्यापारचिन्हांच्या याद्या पाहून घ्याव्यात. 'गांधी', 'नेहरू', 'शिवाजी' हे शब्द बोधचिन्हे व नावे यांच्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे ध्यानात ठेवावे. न्यासाचे नाव बदलले तर नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा. आणि नाव नाकारले गेले तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारण लेखी मागावे, कलम विचारावे. लेखी कारण मागितले की पुष्कळ अडचणी तेथेच विरघळतात.

त्याचबरोबर मागण्याही स्पष्ट असाव्यात. लोकसंस्थांसाठी नाव राखण्याची मुदत विनामूल्य किमान साठ दिवसांची व्हावी. नाव नाकारण्याची कारणे दोनच असावीत : दुसऱ्या संस्थेशी घोटाळा आणि शासनाचा तोतया आव. 'अनिष्ट' हा मोघम शब्द कायद्यातून जावा. 'पंचायत' आणि 'युनियन' यांसारखे लोकांचे शब्द परवानगीच्या यादीतून बाहेर काढावेत. नकारावर जिल्ह्याच्या ठिकाणीच दाद मागता यावी. गडचिरोलीच्या माणसाच्या नावाचा निकाल त्याचे म्हणणे न ऐकता मानेसरमध्ये लागू नये.

या मागण्या लहान आहेत आणि त्यांसाठी मोर्चे निघणार नाहीत, असे कोणी म्हणेल. परंतु लोकांच्या स्वातंत्र्याचा संकोच नेहमीच लाठीने होत नाही. पुष्कळदा तो नमुना अर्जातील एका रकान्याने होतो. आधी 'संघर्ष' जातो आणि 'विकास' येतो. मग 'हक्क' जातो आणि 'सेवा' येते. आणि काही वर्षांनी संस्थेतील माणसेही नावाप्रमाणे वागू लागतात. 'हे नाव मिळणार नाही, दुसरे सौम्य काही तरी द्या' असे सी. ए. ने सांगितले, की पुढच्या बैठकीत त्यावर पुन्हा रात्रीचे बारा वाजवावेत. परंतु कारण लेखी हाती आल्यावाचून आणि सभासदांनी मत दिल्यावाचून पहिले नाव सोडू नये.